सण, साल आणि सुटी

शेतकऱ्यांचे सण म्हटले की शहरगावच्या माणसाच्या डोळ्यांपुढे रंगवलेली शिंगे, पुरणपोळी आणि हलगी एवढेच उभे राहते. फार झाले तर कोणी विद्वान त्यांतील देवतांचे मूळ शोधीत मागे मागे जातो. त्या शोधाबद्दल आम्हांस आदरच आहे. दामोदर धर्मानंद कोसंबींसारख्या गणितज्ञाने पुण्याभोवतीची राने पायी तुडवून म्हसोबाच्या शेंदरी दगडांतून जुन्या समाजाचा इतिहास वाचला आणि १९६२ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला, हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. परंतु आम्ही पडलो कामगार चळवळीतले. शाळा लवकर सुटली. जे वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या पत्र्याच्या कपाटात होते तेवढे. त्यामुळे एखादी रूढी समोर आली की देव कोणता, हा प्रश्न आमच्या मनात उशिरा येतो. आधी येतात ते असे की, त्या दिवशी काम कोणाचे थांबते, कोणाचे वाढते, आणि कोणी कोणास काय द्यावयाचे असते. या नजरेने पाहिले म्हणजे गावचे सण हे गावाचे न लिहिलेले करारपत्र होते असे दिसू लागते. ते करारपत्र चांगले होते असे मात्र आम्ही म्हणत नाही. त्यात कोणाची सही होती आणि कोणाचा नुसताच अंगठा होता, तेच आज पाहावयाचे आहे.

यासाठी आम्ही काष्टी हे गाव समोर ठेवले आहे. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीगोंदे तालुक्यात, १८७८ साली सुरू झालेल्या दौंड-मनमाड लोहमार्गावर दौंडच्या पुढचे हे गाव. एका अंगाला भीमा, दुसऱ्या अंगाला घोड. काष्टीचे नाव पंचक्रोशीबाहेर पोचले ते शनिवारच्या जनावरांच्या बाजाराने. खिलार बैल घ्यावयाचा तर काष्टीस जावे, असे बापाने मुलास सांगावे इतका त्या बाजाराचा लौकिक. दात पाहणे, खांदा चाचपणे, दोन पावले चालवून पाहणे, उपरण्याखाली बोटे धरून भाव सांगणे, हे सगळे आम्ही तेथे तासन्‌तास उभे राहून पाहिले आहे. आणि मनात हेही येऊन गेले आहे की, मजूरअड्ड्यावर माणसाला पारखतात तेव्हा त्याचा खांदा कोणी इतक्या काळजीने पाहत नाही.

पोळ्याच्या आधीचा शनिवार म्हणजे या बाजाराची दिवाळी. वेसणी, म्होरक्या, कासरे, गोंडे, घुंगरमाळा, शेंब्या, झुली, हिंगूळ, बेगड यांची दुकाने लागतात. पोळ्याच्या आदल्या सांजेला खांदेमळणी. वर्षभर जू ज्यावर बसते तो खांदा कोमट पाण्याने शेकून हळद-लोण्याने चोळावयाचा आणि बैलास दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण द्यावयाचे. दुसऱ्या दिवशी नदीवर अंघोळ, नवी वेसण, नवा कासरा, अंगावर ठसे, डोक्यास बाशिंग, मारुतीपुढून मिरवणूक आणि दारात घरधनिणीने पाय धुऊन दिलेला पुरणाचा घास. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवावयाचे नाही, पाठीवर चाबूक ओढावयाचा नाही, आणि कोळपणीच्या दिवसांत पिकास तोंड लावू नये म्हणून बांधलेली मुसकी त्या दिवशी सुटलेली असावयाची.

हे नीट ध्यानात घ्यावे. काम बंद, मारहाण बंद, पोटभर अन्न, दुखऱ्या अवयवावर उपचार, आणि वर्षाकाठी नवे सामान. कोणत्याही मागणीपत्रकात आम्ही याहून निराळे काय लिहितो? फरक इतकाच की, बैलास हे सारे मालकाच्या मर्जीने मिळत नव्हते. गावाच्या डोळ्यांदेखत मिळत होते. ज्याचा बैल वेशीत हाडे दाखवीत आला त्या शेतकऱ्याची अब्रू चारचौघांत जात असे. इन्स्पेक्टर नव्हता, पण वेस होती.

आता एक गंमत. आपल्या महाराष्ट्रात हा सण एका दिवशी होत नाही. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे तो बेंदूर या नावाने आषाढी पौर्णिमेस होतो. त्यातही कर्नाटकाच्या बाजूस जेठ पौर्णिमेचा बेंदूर निराळा. विदर्भ, मराठवाडा, खानदेश आणि नगर जिल्ह्याचा मोठा भाग श्रावणी अमावास्या, म्हणजे पिठोरी पाळतो. आणि भीमा ओलांडून पुणे जिल्ह्यात शिरले की कित्येक गावी पोळा भाद्रपदी अमावास्येचा. काष्टीसारख्या सीमेवरच्या बाजारात त्यामुळे पोळ्याचे सामान दोनदा खपते. पंचांग एक, देव एक, बैलही त्याच जातीचा. मग दिवस तीन का? आमचे मत असे की, येथे पंचांगाने शेतीस वळविलेले नाही, शेतीने पंचांगास वळविले आहे. जेथे मृगाच्या पावसावर पेरणी उरकते आणि आषाढात औतास थोडा दम मिळतो तेथे सुटी आषाढात आली. जेथे खरिपाची कोळपणी श्रावणअखेर संपते तेथे ती श्रावणात. आणि जेथे भरवसा रब्बीच्या ज्वारीवर, म्हणजे भाद्रपद-आश्विनातल्या पेरणीवर, तेथे त्या मोठ्या कामाच्या तोंडावर बैलास खाऊपिऊ घालून ताजा करून घेतात. सुटी कधी द्यावी हे कामाने ठरवले, आणि मग तिला देवाची साक्ष मिळाली.

पोळा हा काही एकटा दिवस नव्हे. जुनी माणसे अमावास्येला औत धरीत नसत. म्हणजे वर्षाकाठी बारा दिवस बैलाच्या आणि त्याच्या मागे चालणाऱ्या गड्याच्या खाती जमा. नागपंचमीस तर जमिनीसच सुटी. त्या दिवशी नांगरू नये, खणू नये, चिरू नये, कापू नये, तवा चुलीवर ठेवू नये. नांगराच्या फाळाखाली नागिणीची पिल्ले मेली आणि मग त्या शेतकऱ्याच्या घरादारावर काय प्रसंग ओढवला, ती कहाणी आपण आजीच्या तोंडून ऐकलीच आहे. साप हा उंदरांचा वैरी आणि म्हणून शेतकऱ्याचा सोबती, हा शाळेतला खुलासा खोटा नाही. पण आमचे लक्ष विळी आणि तव्याकडे जाते. पोळ्यास पुरुषांची व बैलांची सुटी, पण बाईच्या वाट्यास पुरणाचा घाणा. तिचे काम दुपटीने वाढते. सबंध वर्षात विळीस आणि तव्यास हात लावू नको असे बाईस सांगणारा सण हा एवढाच. चिरणे नाही, भाजणे नाही, शेतात खुरपे नाही, आणि माहेरी झाडाला झोका बांधलेला. ज्या कोण्या बाईच्या सुपीक डोक्यातून हे कलम निघाले असेल तिने ते नागाच्या फण्याखाली ठेवले, हे फार शहाणपणाचे केले. नवऱ्याच्या परवानगीवर ठेवले असते तर ते एक पिढीही टिकले नसते.

पावसाविषयीच्या समजुतींबद्दल थोडे बोलून पुढे जाऊ. नक्षत्राचे वाहन बेडूक की गाढव, म्हैस की कोल्हा, यावरून पाऊस किती पडेल याचा अंदाज गावोगाव पाराखाली होई व अजून होतो. अंगाभोवती लिंबाचा पाला गुंडाळून धोंडी दारोदार फिरते आणि बायाबापड्या तिच्यावर घागर ओततात. याने पाऊस पडतो असे मानावयास आम्ही तयार नाही. पण घटस्थापनेची गोष्ट निराळी. शेतातली माती, त्यात रब्बीचे धान्य, नऊ दिवस पाणी, आणि दसऱ्यास उगवलेले तुरे टोपीत खोवून सीमोल्लंघन. पेरणीच्या ऐन तोंडावर घरचे बी किती उगवते हे घरोघर, देवीच्या नावाने का होईना, पाहिले जात होते. भोळेपणा आणि हिशेब एकाच देव्हाऱ्यात बसलेले होते.

आतापर्यंत आम्ही बैलाबद्दल बोललो. माणसाचा करार पाडव्याचा. आमच्या भागात सालगडी गुढीपाडव्यास ठरतो, खानदेश-विदर्भाकडे अक्षय्यतृतीयेस. सुगी संपलेली, खळी झालेली, नवे साल सुरू. धान्य किती, धोतरजोडी किती, घोंगडी, वहाणा, वर रोख काय, आणि उचल किती, हे त्या दिवशी तोंडी ठरे. सुपारी हाती पडली की पुढल्या पाडव्यापर्यंत माणूस बांधला गेला. साखरेच्या गाठी आणि कडुलिंब या दिवशी एकत्र का खातात याचा धार्मिक अर्थ काहीही असो, सालगड्यास तो लगेच कळे! उचल फिटली नाही तर दुसरे साल त्याच दावणीला. तीही फिटली नाही तर मुलगा गुरांमागे. २५ ऑक्टोबर १९७५ पासून देशात वेठबिगारीस कायद्याने बंदी झाली आणि १९७६ साली तसा अधिनियम झाला. तोवर किती पाडवे अशा रीतीने उजाडले याची मोजदाद कोणत्याही वहीत नाही.

गावगाड्यातला दुसरा करार बलुत्याचा. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, मांग, महार या सर्वांनी वर्षभर कुणब्याचे काम करावयाचे आणि खळ्यावर आपापल्या ओळीने पेंढ्या व धान्य घ्यावयाचे. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' या १९१५च्या ग्रंथात याचे बारीकसारीक वर्णन आहे. खळ्यावर रास मोजताना पहिल्या मापास 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणण्याची चाल, राशीजवळ मोठ्याने न बोलण्याची चाल, तिवड्यास केलेली पूजा, ही सारी आपण जाणतो. ज्याच्या हाती माप तो लाभ म्हणे. ज्याच्या हाती पसरलेले उपरणे तो गप्प राही. त्यातही शेतमजुरांच्या बायांस एक हक्क होता. पीक निघाल्यावर रानात राहिलेली कणसे वेचावयाची, त्यास सरवा म्हणतात. सरवा वेचणाऱ्या बाईस हाकलणारा शेतकरी कद्रू ठरे.

पोळ्याच्या दिवशी हा गावगाडा सर्वांत उघडा पडत असे. बैलाच्या अंगावर दिसणारा प्रत्येक नवा दोर मांगाच्या हातचा. अंबाडी आणि केकताड कुजवून, झोडपून, वळून केलेला. वेशीवर आंब्याच्या डहाळ्यांचे तोरण, त्याखालून पाटलाचा मानाचा बैल पहिला जावयाचा, मग भाऊबंद, मग बाकीचे. या मानावरून डोकी फुटली आहेत, कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत. असा पहिलेपणाचा मान काही आमच्याकडेच आहे असे नव्हे. मणिपुरात उख्रूलच्या डोंगराळ भागात तांगखुल नागा लोक राहतात. त्यांचा पेरणीचा सण 'लुइरा फानित'. तेथेही गावच्या मुख्याने, त्यास ते 'आवुंगा' म्हणतात, पहिले बी टाकावे आणि मग गावाने पेरावे अशी रीत. हजारो कोसांवर, निराळ्या भाषेत, निराळ्या डोंगरात, पेरणीची वेळ सर्वांनी मिळून पाळावयाची ही गरज तीच. आणि त्या गरजेवर मुख्याने आपला मान बसवावयाचा हेही तेच. फरक असा की, आमच्याकडे तोरणाखालून बैल गेला तरी दोर वळणारा बाहेरच राहिला. ज्या बैलाच्या गळ्यात त्याच्या हातचा कासरा, त्या बैलाबरोबर मारुतीच्या पारापर्यंत जाण्याची त्यास मुभा नव्हती. सणाची पोळी त्यास मिळे, पण ती वाढून नव्हे, मागून.

आणि बैल मेला की तो महाराने ओढावयाचा. १९२७च्या मार्चात महाडला परिषद भरली, डॉ. आंबेडकरांनी मेलेली ढोरे ओढणे व त्यांचे मांस खाणे सोडा असे सांगितले, आणि गावोगाव लोकांनी ते काम नाकारले. इतिहासाच्या पुस्तकांत ही धर्मसुधारणेची किंवा अस्पृश्यतानिवारणाची हकीकत म्हणून येते. आम्ही तिला संप म्हणतो, आणि महाराष्ट्राच्या खेड्यांनी पाहिलेल्या फार मोठ्या संपांपैकी एक म्हणतो. गिरणीत भोंगा वाजतो, फाटक असते, युनियनचा फंड असतो. यांच्याजवळ काही नव्हते; उलट गावाने बहिष्कार घातला, दळण बंद केले, रस्ते बंद केले. १९२८ साली आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा १९५८चा, तो अमलात आला १ ऑगस्ट १९५९ रोजी. एकतीस वर्षे! ज्यांना आजकालचे संप लांबले असे वाटते त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

सणांची आणखी एक बाजू ज्योतिराव फुल्यांनी १८८३च्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात मांडली आहे. जन्मापासून मरणापर्यंत प्रत्येक सणास, प्रत्येक विधीस शेतकऱ्याच्या गाठीचे कसे सुटते, याचा तो जमाखर्च आहे. ज्योतिरावांचा हिशेब आम्हांस मान्य आहे. पण त्याच हिशेबाचा सोयीस्कर अर्थ लावून शेतकरी सणावारांत उधळतो आणि म्हणून कर्जात बुडतो असे म्हणणारे साहेबलोक तेव्हाही होते. १२ मे १८७५ रोजी बाजाराच्या दिवशी भीमथडीतल्या सुप्यास सावकारांच्या वह्या आणि खते जाळली गेली. ती आग नगर जिल्ह्यात श्रीगोंदे, कर्जत, पारनेरपर्यंत पसरली. न्यायमूर्ती रानड्यांची पुण्यातली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली तीही त्याच सालची, हे या व्यासपीठावरून आठवावयास हरकत नाही. दंग्यानंतर चौकशी आयोग बसला. त्या आयोगानेच नमूद केले की, लग्नकार्यांच्या खर्चास अवास्तव महत्त्व दिले गेले आहे. बी, बैल, सारा आणि रोजचे अन्न यांसाठी पुन्हा पुन्हा काढलेल्या लहान लहान रकमांनी रयत बुडते. म्हणजे पुरणपोळीने शेतकरी बुडाला नाही. बैलाने बुडाला, आणि त्याच बैलाची पूजा करीत राहिला.

या भागातून, घाटावरून आणि कोकणातून माणसे मुंबईस गिरण्यांत गेली. तेथे बैलाची अमावास्यासुद्धा त्यांच्या वाट्यास नव्हती. आठवड्याची सुटी नाही, वर्षात मोजके सणाचे दिवस, तेही मालक ठरवील ते. ज्योतिरावांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४च्या सप्टेंबरात कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. दर रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि जखमी झाल्यास भरपाई, अशा त्या मागण्या. पोळ्याचे वर्णन ज्यांनी मघाशी ऐकले त्यांनी ही यादी त्याशेजारी ठेवून पाहावी. विसावा, वेळेवर दाणा, दुखापतीवर उपाय. लेखणी शहराची होती. मागणी गोठ्यापासून चालत आलेली होती. १८९० साली, १० जूनला, गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आज ज्यांच्या घरी रविवारी उशिरापर्यंत निजण्याची चाल आहे त्यांपैकी किती जणांस लोखंड्यांचे नाव ठाऊक असते, हे आम्ही विचारीत नाही.

आता पुन्हा काष्टीस येऊ. घोड आणि कुकडी यांच्या कालव्यांचे पाणी फिरले, ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिला, तालुक्यात कारखाने झाले. औतास ट्रॅक्टर आला. पोळ्यास त्यालाही हार घालतात, आणि त्यात आम्हांस हसण्यासारखे काही वाटत नाही. कासरा आता नायलॉनचा, तो कारखान्यातून येतो. बैलांचा बाजार पूर्वीसारखा भरत नाही. २०१५च्या कायद्याने बैलाच्या कत्तलीस बंदी आली, तेव्हापासून म्हाताऱ्या बैलाचे काय करावयाचे हा प्रश्न लहान शेतकऱ्यास पडतो. २०२२च्या सप्टेंबरात लम्पी चर्मरोगाने राज्यभर जनावरांचे बाजार बंद पडले आणि भाद्रपदी पोळा गोठ्यातच करावा लागला.

पण करारपत्राचे काय झाले? पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून आणि बीड जिल्ह्यातून ऊसतोडणीच्या टोळ्या या भागात येतात. मुकादम पावसाळ्यातच, पोळ्याच्या मागेपुढे, उचल वाटतो. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. दोन माणसे आणि नाव एका हत्याराचे. पाडव्याची सुपारी गेली, तिच्या जागी मुद्रांकाचा कागद आला. पूर्वीच्या सालगड्यास अमावास्या तरी होती. यांचा एक दिवस पडला तर त्याला खाडा म्हणतात आणि तो पैशाने भरून द्यावा लागतो. पाळीच्या दिवसांत खाडे पडू नयेत, दुखणे अंगावर काढता येत नाही, म्हणून बायांनी गर्भाशये काढून घेतल्याच्या तक्रारी बीड जिल्ह्यातून आल्या आणि २०१९ साली राज्य सरकारला त्यासाठी चौकशी समिती नेमावी लागली. नागपंचमीस विळी-तव्यास हात लावू नये म्हणणाऱ्या मुलखातली ही गोष्ट आहे.

दसऱ्यास सीमोल्लंघन झाले की टोळ्या निघतात आणि बहुतेकांची दिवाळी फडावरच होते. बलिप्रतिपदेस पहाटे कोपीपुढे पणती लागते. बाई आधी गाडीच्या बैलांस ओवाळते, मग नवऱ्यास, आणि बळीचे राज्य येवो असे म्हणते. कारखान्याचे गाळप रात्रंदिवस चालू असते, ते सणासाठी थांबत नाही. उजाडण्याच्या आत बैलांच्या कपाळावरचे कुंकू ओले असतानाच जू चढते आणि गाडी फडाकडे लागते. मागोमाग ती कोयता घेऊन चालत असते.